माइनक्राफ्टमधला रूळ आणि जॉर्ज स्टीफन्सनने स्वतःच्या मालाला दिलेला नकार

माइनक्राफ्टमध्ये रूळ कसा बनवायचा हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. क्राफ्टिंग टेबलच्या डाव्या उभ्या रांगेत तीन आयर्न इन्गॉट, उजव्या उभ्या रांगेत तीन आणि बरोबर मधल्या चौकोनात एक काडी, म्हणजे स्टिक. एवढं ठेवलं की एकदम १६ रूळ हातात येतात. वेग हवा असेल तर पॉवर्ड रेल. त्याला लोखंडाच्या जागी सोन्याचे सहा इन्गॉट, मध्ये काडी आणि तिच्याखाली रेडस्टोन. त्यातून मात्र सहाच मिळतात.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याच्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून एक हजार ब्लॉकची लाइन टाकायची ठरवली. हिशोब सोपा होता. ६३ वेळा क्राफ्ट करायचं, ३७८ इन्गॉट, ६३ काड्या. ऐकायला सोपं, पण तेवढं लोखंड खणून भट्टीतून काढता काढता आमचे दोन दिवस गेले. त्यातच भाच्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, रुळात काडी कशाला? त्याचं उत्तर मला येत होतं, ती काडी म्हणजे रुळाखालचा स्लीपर. दुसरा प्रश्न मात्र अवघड निघाला. गेममध्ये लोखंड एकाच प्रकारचं असतं, मग खऱ्या रुळालाही कुठलंही लोखंड चालतं का?

मी हो म्हणून मोकळा होणार होतो. पण शंका आली म्हणून वाचायला बसलो आणि जॉर्ज स्टीफन्सनपाशी पोचलो. या माणसाबद्दल माझ्या डोक्यात शाळेपासून एकच वाक्य होतं, की त्याने रेल्वे इंजिनाचा शोध लावला. ते वाक्य चूक आहे. आणि त्याने खरोखर जे केलं, ते मला त्या शोधापेक्षा मोठं वाटतं. म्हणून आज त्याची गोष्ट.

रुळाशेजारचं घर

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ चा. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळ वायलम नावाचं गाव आहे, तिथला. वडील कोळशाच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. आई-वडील दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. सहा भावंडं, आणि अख्खं कुटुंब एका खोलीत. घराच्या अगदी दारासमोरून एक वाट जायची आणि त्या वाटेवर लाकडी रूळ टाकलेले होते. त्यांच्यावरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत नदीकडे न्यायचे. म्हणजे रूळ ही गोष्ट इंजिनाच्या कितीतरी आधीची आहे. चिखलाच्या रस्त्यावर घोडा जेवढं ओझं ओढतो, त्याच्या कितीतरी पट रुळावर ओढतो, हे खाणवाल्यांना दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून माहीत होतं.

जॉर्जचं पहिलं काम याच रुळांशी जोडलेलं होतं. शेजारच्या एका विधवा बाईंच्या गाई चरताना वाघिणींच्या वाटेवर जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. रोजचे दोन पेनी. गाई चरत असताना तो मित्राबरोबर मातीची इंजिनं बनवत बसायचा. (हे वाचून मी भाच्याकडे पाहिलं. तोही तेच करत होता, फक्त त्याची माती स्क्रीनवर होती.)

सतराव्या वर्षी तो खाणीवरचं पंपाचं इंजिन सांभाळायला लागला. इंजिन हाताला सरावलं होतं, पण त्याबद्दल छापलेलं काही वाचता येत नव्हतं. मग अठरा वर्षांचा झाल्यावर, दिवसभराचं काम संपवून, तो रात्रीच्या शाळेत जायला लागला. अक्षरं, बेरीज-वजाबाकी सगळं तिथून सुरू झालं. पगार पुरत नव्हता म्हणून फावल्या वेळात बूट शिवायचा आणि लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा.

१८०२ मध्ये फॅनी हेंडरसनशी लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, रॉबर्ट. त्यानंतर एक मुलगी झाली, ती तीन आठवड्यांत गेली. १८०६ मध्ये क्षयाने फॅनीही गेली. पंचविशीच्या आतच हे सगळं. तान्ह्या रॉबर्टला सांभाळायला एका बाईकडे ठेवून तो कामासाठी स्कॉटलंडला गेला. काही महिन्यांनी परत आला तेव्हा वडील खाणीतल्या अपघातात आंधळे झालेले. साठवलेले पैसे त्यांची देणी फेडण्यात गेले. त्या काळात त्याने अमेरिकेला निघून जायचाही विचार केला होता. जाणं काही झालं नाही.

१८११ मध्ये किलिंगवर्थच्या खाणीवर एक पंप कोणाच्याच्याने चालेना. जॉर्जने तो उघडला, दुरुस्त केला आणि चालू करून दाखवला. तिथून त्याचं नशीब फिरलं. पुढच्याच वर्षी त्या भागातल्या खाणींच्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी त्याच्याकडे आली. मुलाला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातलं. रॉबर्ट तिथल्या वाचनालयातून पुस्तकं आणायचा आणि रात्री बाप-लेक दोघे मिळून वाचायचे. बापाचं शिक्षण असं मुलाच्या पुस्तकांवर झालं.

खाणीतल्या ज्वालाग्राही वायूचा भडका उडू नये म्हणून त्याने १८१५ मध्ये सुरक्षित दिवाही बनवला. त्याच सुमारास हम्फ्री डेव्ही या नावाजलेल्या शास्त्रज्ञानेही तसा दिवा केला. न शिकलेल्या खाणकामगाराला हे कसं सुचेल, त्याने कल्पना चोरली, असा आरोप जॉर्जवर झाला. स्थानिक लोकांनी चौकशी करून त्याची बाजू घेतली. पण तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. लंडनच्या शिकलेल्या लोकांवर त्याने पुढे फारसा विश्वास ठेवला नाही.

इंजिन होतं, त्याला पेलणारा रस्ता नव्हता

आता मुद्द्यावर येऊ. रुळावर चालणारं वाफेचं इंजिन पहिल्यांदा धावलं ते १८०४ मध्ये, वेल्समधल्या पेनीडॅरेन इथे. बनवणारा होता रिचर्ड ट्रेविथिक. त्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि वर बसलेली सत्तरेक माणसं ओढून दाखवली. तेव्हा जॉर्ज बावीस वर्षांचा होता. मग ट्रेविथिकची रेल्वे तिथेच का सुरू झाली नाही? कारण इंजिन चाललं, पण त्याच्या वजनाखाली रूळ तुटायला लागले. घोड्याच्या वाघिणींसाठी टाकलेला रस्ता इतकं ओझं सोसणारा नव्हता.

ते रूळ बिडाचे होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. तुमच्या आजीकडे बिडाचा तवा किंवा आप्पेपात्र असेल तर पटकन कळेल. वजनाला दणदणीत, वर्षानुवर्षं झिजत नाही, पण हातातून फरशीवर पडलं की चक्क दोन तुकडे. पोळीचा पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, तुटत नाही. फरक कार्बनचा आहे. बिडात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो, त्यामुळे ते साच्यात सहज ओतता येतं, पण ठिसूळ होतं. तोच कार्बन भट्टीत जाळून जवळजवळ काढून टाकला की घडीव लोखंड मिळतं. ते वाकतं, दबतं, धक्का खातं. मात्र ते बनवायला मेहनत जास्त आणि खर्चही जास्त.

बिडाच्या रुळाची दुसरी अडचण लांबीची. तो आखूड ओतावा लागायचा, साधारण तीन-चार फुटांचा. म्हणजे दर तीन-चार फुटांवर एक सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर चाकाचा दणका. घोड्याच्या चालीने गेलं तर ठीक. कित्येक टनांचं इंजिन गेलं की सांध्याजवळ रूळ तडकायचा.

जॉर्जने त्याचं पहिलं इंजिन १८१४ मध्ये किलिंगवर्थला बनवलं. नाव ब्ल्यूखर. चढावर ३० टन कोळसा ताशी सुमारे साडेसहा किलोमीटरने ओढायचं, म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगाने. माइनकार्ट नेहमीच्या सेटिंगमध्ये सेकंदाला आठ ब्लॉक जातो, म्हणजे ताशी जवळजवळ २९ किलोमीटर. ब्ल्यूखर त्याच्या पाव वेगाचं होतं. पण जॉर्जला वेगापेक्षा मोडणाऱ्या रुळांची काळजी जास्त होती. इंजिन आणि रूळ ही नवरा-बायकोसारखी जोडी आहे, एकाचा विचार दुसऱ्याला सोडून करता येत नाही, अशी त्याची धारणा होती. बाकीचे लोक नवं इंजिन बनवण्याच्या मागे असताना हा माणूस रुळाचे सांधे बघत बसला होता.

१८१६ मध्ये त्याने न्यूकॅसलचा लोखंड कारखानदार विल्यम लॉश याच्याबरोबर नव्या प्रकारच्या बिडाच्या रुळाचं पेटंट घेतलं. यात रुळांची टोकं एकमेकांवर अर्धी अर्धी चढवून जोडलेली असायची, त्यामुळे सांध्यावरचा दणका कमी व्हायचा. माल खपला. प्रत्येक विक्रीत जॉर्जचा वाटा होता. लॉशने त्याला आपल्या कारखान्यात जागा आणि पगारही दिला होता. एका खोलीत वाढलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल!

आणि इथेच त्याच्यापुढे पेच उभा राहिला.

स्वतःच्याच रुळाला नकार

१८२१ मध्ये डार्लिंग्टन गावचा व्यापारी एडवर्ड पीस आणि त्याचे सोबती कोळसा नेण्यासाठी स्टॉकटन ते डार्लिंग्टन अशी लाइन टाकायच्या तयारीत होते. आधी बेत घोड्यांचा होता. जॉर्जने पीसला किलिंगवर्थची इंजिनं दाखवली आणि बेत बदलला. जॉर्ज या लाइनचा इंजिनिअर झाला. चाळीसेक किलोमीटरची लाइन. रूळ किती लागणार, याचा अंदाज तुम्हीच करा. त्याच्या खिशात स्वतःच्या पेटंटचा रूळ होता. मालकांचा त्याच्यावर विश्वास होता. त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी ऑर्डर लॉशला जाणार होती आणि वाटा जॉर्जला मिळणार होता.

पण त्याच सुमारास बेडलिंग्टनच्या कारखान्यातल्या जॉन बर्किनशॉ याने एक नवा रूळ काढला होता. घडीव लोखंड तापवायचं आणि आकार कोरलेल्या रोलरांमधून दाबत पुढे सरकवायचं. चपातीसारखं लाटायचं म्हणा ना, फक्त लांब आणि खाचेतून. त्यातून एका वेळी १५ फुटांचा सलग रूळ निघायचा. बिडाच्या चार-पाच तुकड्यांच्या जागी एक. सांधे तेवढे कमी. आणि वजनाखाली हा रूळ तुटायच्या ऐवजी किंचित लवायचा. किंमत मात्र जवळपास दुप्पट.

जॉर्जने तो पाहिला आणि कंपनीला सांगितलं की हाच घ्या.

विचार करा, तो काय करत होता. स्वतःचं नाव असलेला माल बाजूला ठेवून तो दुसऱ्याचा महाग माल घ्यायला सांगत होता. त्यात त्याचं सुमारे ५०० पौंडांचं नुकसान झालं असं म्हणतात, आणि ही रक्कम त्या काळी कामगाराने जन्मात एकरकमी पाहिली नसती. लॉश भयंकर चिडला. ज्या माणसाने हात देऊन वर आणलं त्याच्याशी संबंध तुटले ते तुटलेच. गंमत म्हणजे मालकांनाही खर्च पाहून पूर्ण ऐकवलं नाही. त्यांनी बराचसा रूळ घडीव लोखंडाचा घेतला आणि काही भागात बिडाचाच टाकला.

जॉर्ज काही साधुसंत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. हट्टी होता, लवकर रागवायचा, बरोबरीच्या इंजिनिअरांशी त्याचं फारसं जमत नसे. पण या प्रसंगात मला तो आवडला. पुढे ज्या लाइनवर आपलंच इंजिन धावणार आहे, तिच्याखाली तडकणारा रूळ टाकायला त्याचं मन तयार झालं नाही.

२७ सप्टेंबर १८२५ ला ही लाइन सुरू झाली. लोकोमोशन नावाचं इंजिन जॉर्ज स्वतः चालवत होता. मागे कोळशाच्या, पिठाच्या वाघिणी आणि त्यांच्यावर बसायला जागा मिळेल तिथे चढलेली माणसं. सार्वजनिक रेल्वेवर वाफेच्या इंजिनाने माणसं नेली गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. या लाइनचा घडीव रूळ मीटरला साधारण १४ किलो भरायचा. आज आपल्याकडे मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ असतो, आणि तो पोलादाचा. पोलादी रूळ आला तो जॉर्ज गेल्यानंतर.

आता भाच्याच्या काडीबद्दल. या लाइनवर आडवे लाकडी स्लीपर नव्हते! प्रत्येक रुळाखाली वेगवेगळे दगडाचे ठोकळे होते आणि जिथे दगड महाग पडला तिथे ओकचे ठोकळे. कारण काही गाड्या अजून घोडे ओढत होते आणि त्यांना चालायला मधली जागा मोकळी हवी होती. तोटा असा की दोन रुळांना एकत्र धरून ठेवणारं मध्ये काहीच नाही, त्यामुळे रूळ हळूहळू फाकायचे. माइनक्राफ्टमधली काडी म्हणजे नंतर सुधारलेली पद्धत आहे.

दलदल आणि वकील

यानंतरचं काम लिव्हरपूल ते मँचेस्टर लाइनचं, सुमारे ५० किलोमीटर. १८२५ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याची उलटतपासणी झाली आणि तो अक्षरशः उघडा पडला. मोजणीचं काम त्याने हाताखालच्या लोकांवर सोडलं होतं आणि त्यात चुका होत्या. नदीवरच्या पुलाबद्दल विचारलेल्या साध्या प्रश्नांना त्याला नीट उत्तरं देता आली नाहीत. त्याच्या गावठी बोलीची टर उडवली गेली ती वेगळी. प्रस्ताव फेटाळला गेला, त्याला काढून दुसरे लोक आणले गेले. लोकांनी हसणं वाईटच, पण मोजणीतली चूक त्याचीच होती. पुढच्या वर्षी मंजुरी मिळाली आणि त्याला परत बोलावलं गेलं.

वाटेत चॅट मॉस नावाची प्रचंड दलदल होती. टाकलेली माती गिळून टाकायची. गेममध्ये आपण पाण्यावर ब्लॉक ठेवत जातो तसं तिथे जमेना. मग फांद्या आणि झुडपांच्या चटया विणून दलदलीवर अंथरल्या, त्यावर माती-खडी आणि त्यावर रूळ. तिथे मात्र जड दगडी ठोकळे न वापरता लाकडी स्लीपर टाकले, म्हणजे वजन पसरलं आणि रस्ता जणू तरंगत राहिला. त्या मार्गावरून आजही गाड्या जातात.

चढाचंही सांगतो. माइनक्राफ्टमध्ये रूळ दर ब्लॉकला एक ब्लॉक चढतो, म्हणजे सरळ ४५ अंश. जॉर्जने प्रयोग करून पाहिलं होतं की २६० फुटांत एक फूट एवढाच चढ असला तरी इंजिनाची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. म्हणून तो रस्ता होईल तितका सपाट ठेवायचा. टेकडी आली की कापायची, दरी आली की भराव किंवा पूल.

ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल इथे इंजिनांची स्पर्धा झाली आणि ५०० पौंडांचं बक्षीस रॉकेटने जिंकलं. रॉकेट घडवण्यात मोठा हात रॉबर्टचा होता. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे गेलं ते, म्हणजे माइनकार्टला मागे टाकणारं. १५ सप्टेंबर १८३० ला लाइन उघडली, आणि त्याच दिवशी खासदार विल्यम हस्किसन रॉकेटखाली सापडले. जॉर्जने स्वतः इंजिन चालवून त्यांना उपचारासाठी नेलं. ते त्याच संध्याकाळी वारले.

आपल्याकडचा धागा

जॉर्जने सगळीकडे रुळांमधलं अंतर एकच ठेवलं, ४ फूट ८ इंच. ते खाणीतल्या वाघिणींचं माप होतं. पुढे चाकं अडकू नयेत म्हणून अर्धा इंच वाढवला. आज वेगळ्या असलेल्या लाइनी उद्या एकमेकींना जोडल्या जातील, मग मापं वेगळी ठेवून कसं चालेल, हा त्याचा विचार. ते माप म्हणजे १४३५ मिलिमीटर, आणि पुणे मेट्रो, मुंबई मेट्रो, नागपूर मेट्रो याच मापावर धावतात.

आपली लोकल मात्र नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली ती ५ फूट ६ इंचांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटर. ती लाइन बांधणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. त्यानेच पुढे बोर घाटातली लाइन आखली, तिथे ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, तुम्ही पाहिली असतील. जॉर्जने तो चढ पाहून डोक्यालाच हात लावला असता.

शेवटची वर्षं त्याने चेस्टरफिल्डजवळ टॅप्टन हाउस इथे बागकामात घालवली. काकड्या वाकड्या वाढतात हे त्याला सहन होईना, म्हणून त्याने काचेच्या सरळ नळ्या करून घेतल्या आणि त्यांच्यात काकड्या वाढवल्या. १२ ऑगस्ट १८४८ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, तो गेला.

वायलमचं ते घर अजून उभं आहे. दारासमोरच्या वाटेवरचे रूळ कधीच काढून टाकलेत. आता तिथून लोक चालत आणि सायकलवर जातात. भाच्याने त्या घराचे फोटो बघून आमच्या लाइनच्या पहिल्या स्टेशनला तसंच दगडी घर बांधलंय, आणि दारात दोन गाई बांधून ठेवल्यात, रुळावर जाऊ नयेत म्हणून.